चौदा नंबरची बरणी

१

सोमवारी सकाळी साडेनऊला देवाजी भाऊंनी तोंड पुसलं, आणि पाच मिनिटांत ते भिंत चाचपडत भट्टीबाहेर आले.

तोंड पुसणं ही त्यांची जुनी सवय. दिवसभर कोळशाच्या भट्टीशी उभा राहणारा माणूस. खुंटीवरचा टॉवेल नळाखाली ओला करायचा, पिळायचा आणि कपाळापासून मानेपर्यंत रगडून फिरवायचा. त्या दिवशी फिरवला आणि चेहऱ्याची कातडी पांढरीफटक पडली. डोळे मिटले ते उघडेनात.

"मले काई दिसून नाई राह्यलं!" ते ओरडले. "तोंड बधिर झालं माहं!"

मेसवाली वच्छलाबाई हातातली परात टाकून धावली. "बिबा उतला! कोणी तरी बिबा लावला भाऊले! तेल आणा, तेल!"

"तेल नको, पाणी!" प्रयोगशाळेच्या दारातून सत्यशीला रामटेके किंचाळली. "बादल्यांनी पाणी घाला! डोळ्यांत घाला!"

देवाजी भाऊंचे डोळे वाचले ते त्या पाण्याने. पण 'तेल नको, पाणी' हेच शब्द त्याच दिवशी तिच्या गळ्याशी येणार होते, हे तेव्हा तिला कुठून कळणार?

जागाच तशी होती. चंद्रपूरपासून पंचवीसेक मैलांवर, मूल गावाकडच्या जंगलाला लागून, दोन नाल्यांच्या बेचक्यात कोळशापासून तेल काढून पाहणारं हे सरकारी केंद्र. ऑगस्ट १९८६ चा तो आठवडा. दोन्ही नाले शनिवारपासून दुथडी भरून वाहत होते. कर्मचाऱ्यांना आणणारी ऊर्जानगरची बस पलीकडेच थांबून परत गेली होती. आवारात राहिले होते पाच जण. भट्टीचे फोरमन देवाजी भाऊ, गोडाऊन सांभाळणारे लटारूभाऊ, वच्छलाबाई, नमुने भरणारा पोचू आणि तेलाचं पृथक्करण करणारी सत्यशीला. सहावे संचालक गुणवंतराव देशकर. त्यांनी लगेच पोलीस ठाण्याला फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि तार तुटली.

मग त्यांनी पोचूची पिशवी उलटी केली. पंचवीस-तीस बिबे घरंगळत बाहेर आले.

"नाल्याचं पाणी उतरेपर्यंत याला कोंडा," गुणवंतराव म्हणाले.

कोंडायला कुलूपवाली एकच खोली होती, ती म्हणजे नमुन्यांची. पोचू आत गेला. किल्ली गुणवंतरावांनी खिशात टाकली.

२

"सही करा, सत्यशीलाबाई."

टेबलावर टंकलेला कागद होता. चुका बऱ्याच होत्या, पण अर्थ स्वच्छ होता. टॉवेलावरील द्रव्याची तपासणी केली, ते बिब्याचे तेल असल्याचे आढळले. खाली तिचं नाव.

"तपासणी केलीच नाही, सर."

"करायची काय त्यात? बिबे त्याच्याकडे. शनिवारी देवाजीशी त्याचं भांडण झालं, अख्ख्या आवाराने ऐकलं. टॉवेल नमुन्यांच्या खोलीच्या दाराशी, आणि तिथे दिवसभर वावर पोचूचा." गुणवंतरावांनी पेन पुढे केलं. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना पट्टी होती. जनरेटरचा सायलेन्सर लागला, असं ते काल म्हणाले होते. मनुष्य मूळचा खाण-इंजिनिअर, बोलायला लोण्यासारखा मऊ. यंत्रांपेक्षा त्यांचा जीव अहवालांवर.

"मी यंत्रावर लावून बघते," ती म्हणाली.

"नायट्रोजन किती उरलाय?"

नवं यंत्र नुकतंच परदेशातून आलं होतं. त्याचा डोळा बर्फाहूनही कितीतरी थंड ठेवावा लागे, आणि त्यासाठी नागपूरहून हंड्यात भरून द्रवरूप नायट्रोजन येई. हंड्यात काठी बुडवायची, काठीवर जितकं दव गोठेल तितका माल शिल्लक. वापरा अगर वापरू नका, तो रोज उडून जातच असे.

"चार बोटं. दोन वेळा यंत्र चालेल. उद्या दुपारपर्यंत काहीच उरणार नाही."

गुणवंतरावांनी हंड्याच्या दिशेने पाहिलं. मग हसले. "चालवा. माझी हरकत नाही. फक्त एक सांगा. वच्छलाबाई तेल म्हणत होती, तुम्ही पाणी म्हणालात. बिब्याला तेल लावतात हे या मुलखात शेंबडं पोरही जाणतं, आणि तुम्ही तर ब्रह्मपुरीच्या. तो बिबा नाही, हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक?"

सत्यशीलाच्या तोंडचं पाणी पळालं.

तिला ठाऊक होतं, कारण तिला डोळे होते. बिबा लागल्यावर दीड-दोन दिवसांनी उततो, खाजतो, सुजतो. मिनिटात कातडी पांढरी करून बधिर करत नाही. ते काम कार्बोलिकच्या भावकीतल्या द्रव्याचं. कोळशाच्या तेलात ते भरपूर असतं, आणि त्याचं नाव क्रेसॉल.

"समजा क्रेसॉल निघालं," गुणवंतराव मऊपणेच म्हणाले, "तर या आवारात वेगळं काढलेलं क्रेसॉल एकाच कपाटात आहे. त्याला किल्ली एकच. ती तुमच्या गळ्यातल्या दोऱ्यात आहे. चुकत असेन तर सांगा."

ते चुकत नव्हते. सही केली तर पोचू तुरुंगात, नाही केली तर ती स्वतः. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हे. नोकरीत कायम व्हायला दोन महिने होते. तिला शिकवताना बापाने लोकांच्या धानाच्या बांध्यांत कंबर मोडून घेतली होती, आणि आईने गावभर सांगून ठेवलं होतं की आमची शीला आता साहेब होते. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा संतापही आला.

"फौजदार येईपर्यंत विचार करा," गुणवंतराव म्हणाले.

विचार कसला करणार? ती सरळ मेसमध्ये गेली आणि विचारपूस करू लागली.

३

वच्छलाबाई तांदूळ निवडत होती. हात चालू, तोंड त्याहून चालू.

"भाऊले उजेड दिसते म्हणते आता. देवानं वाचवलं. पण पोचूनं असं केलं असन, मले नाई वाटत बाई. मुंगीवर पाय देत नाई तो."

"आज सकाळी भट्टीकडे कोण कोण गेलं?"

"सात वाजता मी चुलीपाशी होती. लटारूभाऊ आले, चहा पिऊन गोडाऊनकडे गेले. पोचू नाल्याचं पाणी पाह्यले गेला. साहेब आले गरम पाणी न्याले. दोन-तीन दिवसांआड नेते, खोबरेल तेलाची बाटली बुडवाले. गोठते म्हणते. मंग देवाजी भाऊ आले. त्याहीले उशीर झाला, पाठ दुखून राह्यली होती." ती मध्येच थांबली आणि ओठ मुडपून म्हणाली, "बाई, माया हातची चव गेली का वो?"

"काऊन?"

"साहेब कालपासून भात चमच्यानं खाऊन राह्यले. सहा वर्षांत कधी नाई पाह्यलं."

लटारूभाऊ गोडाऊनच्या दारात बिडी न पेटवता नुसती चावत बसले होते. त्यांना काही विचारायच्या आधीच ते भडकले.

"माया हातात आलेली फोरमनची जागा देवाजीनं खाल्ली, हे खरं हाये. पण त्याचे डोये कायले फोडू मी? मले उद्या कोणी विचारलं तं मी हेच सांगीन."

"नमुन्यांच्या खोलीची किल्ली कुठे असते, लटारूभाऊ?"

"खिळ्याले. कोणीबी घेते, कोणीबी ठेवते. आज पह्यल्यांदा साहेबानं खिशात ठेवली."

देवाजी भाऊ मेसच्या मागच्या खोलीत बाजेवर पडले होते. डोळ्यांवर ओलं फडकं. सत्यशीला उशाशी बसली.

"भाऊ, पोचूशी भांडण कशावरून झालं?"

"माहीच चूक. तो म्हणे, चौदा नंबरची बरणी कोणी तरी खोलली. खोली माया ताब्यातली. म्हणजे चोर मीच का? मी तणकलो, नाई नाई ते बोललो. मंग रागारागात साहेबाले जाऊन सांगतलं, का हा पोचू असं असं म्हणते."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणे, मी पाहतो."

"आणि टॉवेल?"

"काल साबणानं धुतला, खुंटीले टांगला. आज हातात घेतला तं एका बाजूनं कडक. मीठ धरल्यासारखा. मले वाटलं, साबण राह्यला असन."

"वास नाही आला?"

फडक्याखाली देवाजी भाऊ कसंनुसं हसले. "बाई, इथी देवाले उदबत्ती लावली तरी डांबराचाच वास येते."

४

नमुन्यांच्या खोलीला मागून गजांची खिडकी होती. सत्यशीलाने तिथून पाण्याचा तांब्या आत दिला. पोचू घटाघटा प्यायला. सकाळपासून त्याला कोणी पाणीही विचारलं नव्हतं, आणि त्यात तीही आलीच. तिला स्वतःची लाज वाटली.

पोचू लेकामी एटापल्लीपलीकडच्या गावचा माडिया आदिवासी. रस्त्याच्या कामावर आला आणि इथेच राहिला. चाळिशीचा, कमी बोलणारा. नमुने भरण्याची त्याची रीत त्याने स्वतः बसवली होती. भट्टीच्या तोटीतून पावशेराच्या बरणीत तेल घ्यायचं, झाकणावर पांढरं फडकं, फडक्यावर पळसाच्या मुळीची दोरी. आधी कागदाच्या चिठ्ठ्या लावत, त्यांची शाई तेलाने विरघळे. लाख लावत, ती भट्टीच्या धगीने वितळे. मग पोचू बिबे घेऊन आला. हाताला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल चोळायचा, बिब्याला काटा टोचायचा आणि त्याच्या रसाने एकच रेघ ओढायचा. ती फडक्यावरून निघे, दोरीवरून जाई आणि पलीकडे फडक्यावर उतरे. धोब्याची खूण जशी कपडा फाटला तरी जात नाही, तशी तीही कशाने जात नसे.

"पोचूभाऊ, चौदा नंबरचं काय झालं?"

"बिस्तरवारी भरली मी. एक रेघ मारली. सनवारी पाहतो तं दोन." तो मांडणीकडे गेला आणि बरणी घेऊन आला. "पाहा. ही माही. दोरीवर तुटली, जुळत नाई. कोणी दोरी खोलली, मंग बांधली. पह्यलेची रेघ पुसून जात नाई, तं त्यानं बाजूले दुसरी मारली."

पहिली रेघ केसासारखी बारीक आणि काळीभोर होती. दुसरी जाड, मध्येच फुटलेली, शिंतोडे उडालेली.

"कोणी मारली असेल?"

"नाई पाह्यलं, तं नाव कसं घेऊ?" पोचूने बरणी उजेडात धरली. "पण त्याले बिबा येत नाई. येते तो काट्यानं टोचते. यानं ठेचला. ठेचला का हातावर उडते. तेल लावलं नसन तं बोटं उतलीच म्हणून समजा."

"गुरुवारी तुम्ही भरली, शनिवारी दोन रेघा; म्हणजे शुक्रवारी मारली असेल, तर बोटं कधी उततील?"

"ऐतवारी."

रविवारी, म्हणजे कालच, सत्यशीलाने मनात मोजलं. पोचूने आणखी एक बरणी उचलून दाखवली. पंधरा नंबरची. तिच्यावरची रेघही दोरीपाशी तुटली होती, पण दुसरी ओढलेलीच नव्हती.

"ही काल सांजेपर्यंत चांगली होती," तो म्हणाला. "बाई, मले जेलात टाकतीन का?"

"नाही," ती म्हणाली. ते कशाच्या जोरावर म्हणाली, तिचं तिला ठाऊक नव्हतं. चौदा नंबरची बरणी गजांतून अलगद बाहेर आली.

५

कोळसा बंद भांड्यात तापवला की काळं तेल निघतं, आणि त्या तेलात शेकडो द्रव्यांची खिचडी असते. क्रोमॅटोग्राफ त्या गर्दीला एका लांबलचक बारीक नळीतून पळायला लावतो. कोणी आधी बाहेर पडतं, कोणी रेंगाळतं. बाहेर पडेल त्याच्यासाठी यंत्राची लेखणी कागदावर एक टेकडी काढते. कोण कितव्या मिनिटाला आलं, एवढंच त्यातून कळतं. दोघं हातात हात घालून आले तर टेकडी एकच दिसते, आणि क्रोमॅटोग्राफ त्यांना एकच समजतो.

सत्यशीलाने टॉवेलाच्या कडक कोपऱ्याची चिंधी ईथरमध्ये भिजवली. यंत्राच्या डोळ्यावर नायट्रोजन ओतला. पांढरा धूर जमिनीवर लोळला. सुईने थेंबाचाही अंश आत सोडला आणि ती स्टुलावर बसून राहिली. बाहेर जनरेटर धडधडत होता. तो बंद पाडायला गुणवंतरावांना एक खटका पुरेसा होता, पण त्यांनी पाडला नाही. का पाडावा? जे निघणार होतं त्याची त्यांना खात्री होती.

अकराव्या मिनिटाला लेखणी उठली. एकच टेकडी, उंच आणि निमुळती. आजूबाजूला बाकी तेलाचा मागमूस नाही.

भट्टीचं कच्चं तेल असतं तर शंभर टेकड्या उठल्या असत्या. बिबा तर नव्हताच. हे वेगळं काढलेलं क्रेसॉल होतं. तिने कपाटातल्या आपल्या बाटलीचा जुना आलेख शेजारी धरला. अकरावं मिनिट. एकच टेकडी. तीच जागा.

गळ्यातली किल्ली तिला फासासारखी लागली.

दारात गुणवंतराव उभे होते. त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि हळहळल्यासारखी मान हलवली. "म्हणूनच सकाळी सही करा म्हणत होतो. अजूनही करा. पोचूच्या मागेपुढे कोण आहे? चार महिने आत राहील, सुटेल. तुमचं आयुष्य मात्र जाईल." आणि ते निघून गेले.

ती सही करणार होती. हे तिने पुढे कधी लपवलं नाही. पेन हातात घेतलंही होतं. पण पोचूचा प्रश्न कानात होता, आणि यंत्राचा अर्धा जबाब अजून ऐकायचा होता.

क्रोमॅटोग्राफ कोण कधी आलं ते सांगतो, चेहरा दाखवत नाही. चेहऱ्याचं काम त्याला जोडलेल्या नव्या इन्फ्रारेडचं. नळीतून बाहेर पडणाऱ्या वाफेवर तो न दिसणारा उजेड टाकतो, आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या जागी तो उजेड गिळतं. कागदावर दऱ्या उमटतात, आणि त्या दऱ्यांवरून द्रव्य ओळखता येतं. ही दोन यंत्रं जोडून तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांत सत्यशीलाने फक्त ओळखीचे चेहरे टिपून ठेवले होते.

अकराव्या मिनिटाला क्रेसॉलची दोन भावंडं बरोबर येतात. मेटा आणि पॅरा. इथल्या कोळशात ती नेहमी जोडीनेच असतात. मेटा जास्त, पॅरा कमी. सत्यशीलाच्या बाटलीत कोळशातून काढलेली हीच जोडी होती. क्रोमॅटोग्राफला ती दोघं वेगळी करता येत नव्हती, म्हणून तिलाही आली नव्हती.

तिने टॉवेलच्या टेकडीचा चेहरा काढला. पॅराची दरी होती, खोल आणि ठळक. मेटाच्या दोन दऱ्या जिथे असायला हव्यात तिथे कागद सपाट होता.

तिने पुन्हा पाहिलं. मेटा नव्हतंच. नावालासुद्धा नाही.

ती स्टुलावरून उठली. मग उरलेला नायट्रोजन यंत्रात ओतून चौदा नंबरची बरणी उघडली.

६

मंगळवारी दुपारी पाणी मांडीपर्यंत उतरलं. फौजदार दोन शिपायांसह दोराला धरून नाला ओलांडून आले. भिजलेले, वैतागलेले, एक बूट वाहून गेलेला. मेसच्या व्हरांड्यात सगळे जमले. पोचूला खोलीतून काढून, हात बांधून खांबाशी बसवलं. देवाजी भाऊ वच्छलाबाईचा हात धरून आले. एका डोळ्याने त्यांना आता माणसं दिसत होती.

गुणवंतरावांनी न सही केलेला कागद पुढे ठेवला. "बाई सही करायला तयार नाहीत. कारण त्यांनीच सांगावं."

"सांगते," सत्यशीला म्हणाली. "टॉवेलावर बिबा नाही. क्रेसॉल आहे."

फौजदारांनी तिच्या गळ्यातल्या किल्लीकडे पाहिलं. गुणवंतरावांनी त्यांचे कान आधीच भरले असावेत.

"माझ्या कपाटात आहे ते कोळशाचं, साहेब. कोळशाच्या क्रेसॉलमध्ये मेटा आणि पॅरा दोन्ही असतात, मेटा जास्त. टॉवेलावर नुसतं पॅरा आहे. असं एकटं पॅरा कोळशातून येत नाही. ते कारखान्यात वेगळं बनवतात आणि बाटलीत विकतात. ते माझ्या कपाटातलं नाही, भट्टीतलं नाही, पोचूभाऊंच्या पिशवीतलं तर नाहीच. ते बाहेरून विकत आणलेलं आहे."

"कोणी आणलं?"

"आधी कशासाठी आणलं ते ऐका. चौदा नंबरच्या बरणीत मेटा नेहमीइतकंच आहे, आणि पॅरा त्याच्या तिप्पट. कोणी तरी नमुन्यात बाहेरचं क्रेसॉल मिसळत होतं. आपल्या कोळशातून मोलाचा माल जास्त निघतो असं पुढल्या आठवड्यात केंद्र तपासायला येणाऱ्या दिल्लीच्या समितीला दिसावं म्हणून. नुसत्या क्रोमॅटोग्राफवर ती लबाडी कधीच दिसली नसती. टेकडी फक्त उंच झाली असती, आणि मीच खुशीने तसा अहवाल लिहिला असता."

देवाजी भाऊ पुढे सरकले. "मंग माया तोंडावर काऊन?"

"तुमच्या तोंडावर कोणी काही टाकलं नाही, भाऊ. काल सकाळी पंधरा नंबरची बरणी उघडताना बाटली सांडली. हाताशी तुमचा टॉवेल होता, त्याने पुसलं. पॅरा-क्रेसॉल आपल्या पावसाळी हवेत गोठतं, म्हणून तुम्हाला टॉवेल कडक लागला. तुम्ही भिजवला आणि तोंडावर रगडला." तिचा आवाज चढला. "ते चुकून झालं. पण त्यानंतर ज्याने पोचूभाऊंना कोंडलं, त्याने ते चुकून केलं नाही. दोन रेघा पोचूभाऊंनीच पाहिल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती एवढ्याचसाठी."

"सत्यशीलाबाई, जपून बोला," गुणवंतराव म्हणाले. "बाटली कोणाची याला पुरावा?"

सत्यशीला वच्छलाबाईकडे वळली. "बाई, साहेब गरम पाणी कशाला नेत होते?"

"खोबरेल तेल गोठते म्हणून," वच्छलाबाई सहज म्हणाली. आणि बोलता बोलता तिचेच डोळे मोठे झाले. "अवो बाई! सरावणात कुठी गोठते खोबरेल? आपल्या चांद्याले?"

उन्हाळ्यात जिथे पंख्याची हवाही भाजते, तिथे खोबरेल गोठायला पौष उजाडावा लागतो. साहेबाला हे कळू नये, आणि ऐकणारणीलाही खटकू नये, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं.

"आता पट्टी सोडा, सर," सत्यशीला म्हणाली.

गुणवंतरावांनी हात मागे घेतला. फौजदारांनी तो धरून पट्टी उलगडली. अंगठा आणि दोन बोटं सुजून टरारली होती, पाणी धरलेले फोड, कडेला काळे डाग. लटारूभाऊंनी वाकून पाहिलं आणि बिडी तोंडातून काढली.

"हा सायलेन्सर नाई. हा बिबा हाये. माया सासऱ्याले असाच उतला होता."

"शुक्रवारी चौदा नंबरवर यांनी पोचूभाऊंसारखी रेघ ओढली," सत्यशीला म्हणाली. "हाताला तेल लावायचं असतं हे यांना कोणी सांगितलं नव्हतं. काल पंधरावी उघडली, पण रेघ ओढायला बोटंच नव्हती."

गुणवंतराव बाकावर बसले. एकदम म्हातारे दिसले. "केंद्र बंद होणार होतं," ते पुटपुटले. "समितीचं ठरलेलंच होतं. तुम्ही सगळे घरी गेला असता. मी तुमच्यासाठीच..."

"मले कोंडलं तेबी माह्यासाठीच का, साहेब?" पोचूने विचारलं. दोन दिवसांत त्याने त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

बाटली त्यांच्या खोलीत, दाढीच्या सामानामागे सापडली. अर्धी रिकामी. आत खडीसाखरेसारखे पांढरे खडे.

केंद्र आता बंद होणार, हे सत्यशीलाला कळत होतं. तिची नोकरी कायम व्हायची होती, ती आता मुळातच राहणार नव्हती. ब्रह्मपुरीला आईला काय सांगायचं, हा प्रश्न आता होता. पण गळ्यातली किल्ली पुन्हा नुसती किल्ली झाली होती.

फौजदारांनी बाटली, टॉवेल आणि दोन्ही बरण्या टेबलावर मांडल्या आणि खिसे चाचपले. मग कपाळावर हात मारला. "लाख आहे, पण मोहर नाल्यात गेली. मुद्देमाल सीलबंद न करता नेला तर कोर्ट मलाच आत टाकेल."

"सील आहे ना, साहेब," सत्यशीला म्हणाली. "पोचूभाऊ, खूण मारा."

फौजदारांनी एकदा त्या कालच्या आरोपीकडे, पोचूकडे पाहिलं, एकदा बरण्यांकडे, आणि शिपायाला त्याचे हात सोडायला सांगितलं.

पोचूने मनगटं चोळली. पिशवीतून तेलाची कुपी काढून सावकाश दोन्ही हातांना तेल लावलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग कुपी उचलून बाकावर गुणवंतरावांच्या शेजारी ठेवली. "लावा साहेब. आग कमी होते." एवढं म्हणून तो टेबलाकडे वळला. फडकी बांधली, दोऱ्या आवळल्या, बिब्याला काटा टोचला आणि एकामागून एक चार रेघा ओढल्या. फडक्यावरून दोरीवर, दोरीवरून फडक्यावर.

फौजदार खाली वाकून पाहत होते. "ही पुसली तर?"

"पुसत नाई," पोचू म्हणाला.

त्यांनी पंचनाम्याच्या शेवटी लिहिलं, 'मुद्देमालावर पोचू लेकामी याची खूण आहे.' आणि त्याखाली सत्यशीलाने सही केली.